फुलं निवडण्याआधी भिंत बघा

रानफुलांच्या नक्षीचा वॉलपेपर लावायचं मनात असेल, तर कॅटलॉग उघडण्याआधी त्या भिंतीला हात लावून पाहा, तोही भर जुलैमध्ये. ठाण्याच्या आमच्या घरात पश्चिमेकडच्या बेडरूमला पॉपी, डेझी आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरचा व्हिनाइल वॉलपेपर लावून घेतला, तेव्हा मार्च होता. भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. ‘वॉटरप्रूफ आहे, काही काळजी करू नका,’ असं दुकानदाराने सांगितलं, आणि कारागिराने एका दुपारीत काम उरकलं.

पावसाळा अर्धा सरला आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. त्या खोलीत सासूबाई झोपतात. त्यांना दमा आहे, आणि रात्रीचा खोकला वाढत चालला होता. कागदावर मात्र एकही डाग नव्हता. पलंग पुढे ओढला तेव्हा खालच्या कोपऱ्यात सांधा सुटलेला दिसला. तिथे धरून ओढलं तर पट्टी सहज सुटत वर गेली. मागची खळ ओली, बुळबुळीत होती. पुट्टी नखाने खरवडली तरी निघत होती, आणि तिच्यावर काळ्या-हिरव्या बुरशीचे ठिपके गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चढलेले होते.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सर्वांत जास्त पाणी पिते. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत झिरपतं. साध्या रंगाच्या भिंतीतून ते हळूहळू खोलीत सुकून जातं. फार तर पोपडे येतात, आणि निदान ते दिसतात तरी. व्हिनाइल म्हणजे प्लॅस्टिकचा थर. त्याच्यावर सांडलेला चहा पुसता येतो हे खरं, पण मागून आलेली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही. त्यात खळ बहुधा स्टार्चची असते, म्हणजे बुरशीला आयतं खाद्य. दुकानदाराने कागदाची हमी दिली होती, भिंतीची नाही. खरं तर भिंतीबद्दल त्याने एक प्रश्नही विचारला नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

कागद, ओल आणि बुरशीचा हा प्रकार फार जुना आहे. १७७५ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिकपासून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला. पुढे एकोणिसाव्या शतकात तसल्या आर्सेनिकच्या हिरव्या रंगांनी युरोपातल्या घरांच्या भिंतींवर पानंफुलं उमलली. नक्षीकार विल्यम मॉरिसची ‘डेझी’ ही साध्या कुरणफुलांची नक्षी १८६४ची. त्याच्या सुरुवातीच्या कागदांतही आर्सेनिक सापडलं आहे. इटलीच्या गोझिओ या संशोधकाने १८९०च्या दशकात दाखवलं, की अशा कागदावर ओलीमुळे बुरशी धरली की लसणासारख्या वासाचा आर्सेनिकयुक्त वायू सुटतो. आज ते रंग वापरत नाहीत. ओल, खळ आणि बुरशी हे त्रिकूट मात्र तसंच आहे, आणि दम्याच्या माणसाला नुसती बुरशीही पुरते.

म्हणून आधी चाचणी करा. हातभर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवा दमट आहे. तिथे खिडक्या-पंख्याकडे लक्ष द्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ही चाचणी कोणत्याही ऋतूत करा. चाचणी पावसाळ्यात आणि कागद फेब्रुवारी-मार्चमध्ये, हा क्रम मोडू नका. शक्यतो दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा आणि व्हिनाइलऐवजी हवा खेळू देणारा नॉन-वोव्हन कागद घ्या. जुना डिस्टेंपर हाताला पांढरा लागत असेल, तर तो खरवडून प्रायमर मारल्याशिवाय कारागिराला खळ कालवू देऊ नका.

आता पैशांचं. नेहमीचा युरोपीय मापाचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. आमची भिंत १२ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे ११४ चौरस फूट. दोन रोल पुरतील असा हिशेब मिळाला. पण वेलबुट्टीची नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत होती. ती शेजारच्या पट्टीशी जुळवायची तर प्रत्येक पट्टी ३.२ मीटरची कापावी लागते, आणि एका रोलमधून तीनच पट्ट्या निघतात. भिंतीला सात पट्ट्या हव्यात, दोन रोलच्या झाल्या सहा! दीड फुटाची जागा उघडी राहिली आणि तिसरा रोल आणला तो दुसऱ्या बॅचचा. पाकळ्यांचा लाल रंग त्या पट्टीवर विटकरी दिसायचा. तेव्हा चौरस फुटांवर न जाता पट्ट्या मोजा, सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्या, आणि पहिली पट्टी ओळंब्याने लावली जाते आहे ना, ते उभं राहून पाहा.

फुलांबद्दलही एक सांगते. इंग्लंडच्या कुरणांतली फुलं सुंदरच आहेत, पण कास पठारावरची गेंद, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं भिंतीवर हवीत असं वाटणारे आता बरेच भेटतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. फक्त मोबाइलमधला फोटो छापायला देऊ नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो १२ फुटांवर ताणला की एका इंचात जेमतेम २८ ठिपके उरतात आणि फूल जवळून धुरकट दिसतं. चित्रकाराकडून रेखाटन करून घ्या. पाकळीच्या कडा मोठ्या केल्या तरी स्वच्छ राहतात. सीतेची आसवं नखाएवढी असतात. ती ताटाएवढी केली तर त्यांची ओळखच जाते, म्हणून लहान आकारात, दाट पसरलेली मागा.

आमच्या त्या भिंतीची बाहेरची चीर सोसायटीने भरली. आतली पुट्टी काढून भिंत हिवाळाभर तशीच उघडी ठेवली आणि मग साधा रंग दिला. सासूबाईंचा पलंगही आता भिंतीपासून वीतभर पुढे असतो.