टक् वाजतं, पण गाडी हलत नाही

प्रश्न : गोव्यातल्या एका हॉटेलने मोडीत काढलेली विजेवरची जुनी गोल्फ कार्ट आम्ही आमच्या न्याहारी-निवासासाठी घेतली. सीटखाली सहा बॅटऱ्या आहेत, प्रत्येकीवर तीन बुचं. ॲक्सिलरेटर दाबला की ‘टक्’ वाजतं, पण गाडी हलना नाय. लिथियम बॅटरी टाकली तर चालेल का? आणि वेग थोडा वाढवून पाहुण्यांना तारकर्लीपर्यंत ने-आण करता येईल का?
– एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर : बुचं मोजून लिहिलीत ते बरं केलंत. शिसे-आम्लाच्या बॅटरीत एका बुचाखाली एक घर आणि एका घराचे दोन व्होल्ट. तीन बुचं म्हणजे सहा व्होल्ट, अशा सहा म्हणजे तुमची गाडी ३६ व्होल्टची. नंतरच्या बऱ्याच गाड्या ४८ च्या आल्या, त्यामुळे सुटे भाग घेताना हा आकडा आधी सांगा.

आता तो ‘टक्’. तो सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरकडची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, आवाज आहे आणि ही चांगली खूण आहे. किल्ली, पुढे-मागेचा खटका आणि पेडलखालचा छोटा स्विच शाबूत असल्याशिवाय सोलेनॉइड वाजत नाही. म्हणजे घोडं अडलंय ते जाड तारांच्या वाटेवर. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी ठोकळ्यांवर टेकवा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मल्टिमीटर धरायचा. एखादी बॅटरी सहावरून धाडकन दोन-तीनवर आली, तर तीच बाकीच्यांना खाली ओढतेय. बॅटऱ्यांचे आकडे जागचे हलले नाहीत, तर सोलेनॉइडच्या दोन जाड टोकांवर मीटर लावा. ‘टक्’ झाल्यावर तिथे शून्याच्या आसपास यायला हवं. ३६ च दिसत राहिलं तर आतले पॉइंट जळालेत. शून्य येऊनही चाक फिरत नसेल तर मोटरचे कार्बन बघा. आणि हे सगळं करण्याआधी तारांच्या टोकांच्या कड्या (लग) एकेक करून हाताने हलवून पाहा. तुमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात तांब्यावर हिरवा थर चढतो. वरून घट्ट दिसणारी जोडणी आतून पीठ झालेली असते.

मोटर फेकू नका. या गाडीतली सर्वांत टिकाऊ वस्तू बहुधा तीच आहे. तिच्यावर चार टोकं असतील. चारही सारखीच जाड असली तर ती सिरीज मोटर, दोन जाड नि दोन बारीक असली तर दुसऱ्या जातीची. नवा कंट्रोलर घेताना हे सांगावंच लागतं, कारण एकीचा दुसरीला चालत नाही. दुरुस्तीला विहिरीचे पंप बांधणाऱ्याकडे जाऊ नका, ट्रकचे स्टार्टर बांधणारा गाठा. स्टार्टरची मोटरही अशीच कार्बनवाली असते. एक मात्र त्याला बजावून सांगा : सिरीज मोटर गाडीतून काढून मोकळी असताना ३६ व्होल्टवर लावायची नाही. भार नसला की ती वेग वाढवत जाते आणि स्वतःला फोडून घेते. बारा व्होल्टवर क्षणभर फिरवली की पुरे.

जुन्या गाड्यांपैकी काहींत वेग कमी-जास्त करायला सीटखाली तारेची वेटोळी असतात. हळू चालवताना उरलेली वीज त्यांत शेगडीसारखी तापून वाया जाते. तशी निघाली तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवा. माझ्या मते बॅटरीच्या खालोखाल पैसा घालावा तो इथेच.

फ्रेमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर नशीबवान आहात. क्लब कार ही अमेरिकन कंपनी ॲल्युमिनियमची फ्रेम वापरते, बाकीच्या बहुतेकांची पोलादी. पोलादी असली तर बॅटरीखालचा भाग आधी तपासा. तिथे मिठाच्या जोडीला आम्लाने हात धुऊन घेतलेले असतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फेस यायचा थांबेपर्यंत धुवा, मग गंज खरवडून इपॉक्सी प्रायमर. बॉडीला तडे असतील तर मोटार गॅरेज शोधत बसू नका. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे तुमच्या शेजारीच आहेत. तारा घेताना कलई केलेल्या तांब्याच्या घ्या, होडीवर वापरतात त्या.

लिथियम टाका, हो. तुमच्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच. त्याच्या एका सेलचे ३.२ व्होल्ट, बारा सेलचे ३८.४. हिशेब असा की गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या नेहमीच्या बॅटऱ्या साधारण २२५ अँपिअर-तासांच्या आणि प्रत्येकी २८ किलोच्या आसपास. सहांची मिळून वीज ८ युनिट, पण त्या टिकवायच्या तर निम्मीच वापरायची. वजन मात्र १७० किलो. शंभर अँपिअर-तासांचा लिथियम पॅक ४० किलोच्या आत-बाहेर, आणि त्यातली पावणेचार युनिट जवळपास सगळी वापरता येते.

फसगत होते ती दुसरीकडे. सोलरच्या इन्व्हर्टरसाठी मिळणारे पॅक स्वस्त पडतात, पण त्यांचं संरक्षक सर्किट बहुधा शंभर अँपिअरला हात वर करतं. भरलेली गाडी चढावर निघताना दोनशेच्या वर ओढते. चार पाहुणे बसलेत आणि गाडी चढणीच्या मध्यावर एकदम मेली, हे त्यामुळे होतं. पॅकवर सतत किती अँपिअर मिळतील ते छापलेलं असतं. दोनशेच्या खालचा घेऊ नका. जुना चार्जर अडगळीत टाका. शिसे-आम्लाचा चार्जर लिथियमला लावायचा नाहीच. शिवाय तो अमेरिकेहून गाडीसोबत आला असेल तर ११० व्होल्ट, ६० हर्ट्झवर बेतलेला असणार, आपल्याकडे ५० हर्ट्झ. दिव्यांसाठी बारा व्होल्ट हवेत तर कन्व्हर्टर बसवा, पॅकच्या मध्येच कुठून तरी तार काढू नका. पावसाळ्यात गाडी उभी करताना लिथियम निम्मं भरून ठेवा. शिसे-आम्ल असतं तर उलट, पूर्ण भरून.

वेग वाढवू नका. ३६ च्या जागी ४८ व्होल्ट दिले की गाडी तिसऱ्या हिश्शाने जास्त पळेल, हे खरं. पण या गाड्या ताशी वीस-बावीस किलोमीटरसाठी घडवलेल्या असतात, आणि ब्रेक बहुतेकींना फक्त मागच्या चाकांना, तेही तारेने ओढायचे. ब्रेकचे शूज आणि त्या तारा नव्या घाला. दिसणार नाही असा खर्च आहे, पण तो आधी.

तारकर्लीपर्यंत नेता येईल का? नाही. मोटार वाहन कायद्याच्या २(२८) कलमात कारखाना वा बंदिस्त आवारापुरतं वापरायचं खास वाहन ‘मोटार वाहन’ धरलेलं नाही. तुमची कार्ट त्या सवलतीवर उभी आहे, आणि फाटकाबाहेर चाक गेलं की सवलत संपली. २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षाला कायद्यात जागा मिळाली, पण तिची व्याख्या तीन चाकांची आणि चार हजार वॉटपर्यंतची. माथेरानला २०२२ च्या अखेरीस प्रयोग सुरू झाला तो ई-रिक्षांचा, आणि ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं तेव्हाही पर्याय म्हणून ई-रिक्षाच पुढे केली. रस्त्यावर पाहुणे न्यायचे तर तुम्हीही नोंदणीची ई-रिक्षा घ्या. रस्ता नको म्हणून पुळणीवरून न्यायचा विचार मनात आला असेल, तर तोही सोडा. वायंगणी-तांबळडेगच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी राखायला माणसं रात्री जागतात, अंडी असतात ती अशाच वाळूखाली. पाहुण्यांकडून भाडं घेत नाही म्हणून रस्त्यावर चालेल, असंही नाही. अपघात झाला तर विना-नोंदणी, विना-विमा गाडीची भरपाई मालकाच्या खिशातून जाते.