सर्व्हेअर दुकानात येतो तेव्हा नक्की काय मोजतो?

या आठवड्याच्या व्हिडिओत विमा दाव्याचं गणित जरा घाईत झालं. म्हणून तेच इथे सावकाश मांडतोय. कागद-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आमचं चिपळूणला हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्याकडे विमा होता. मे महिन्यातच पॉलिसी रिन्यू केली होती. चिखलात उभं राहून मी बाबांना म्हणालो, "काळजी करू नका, विमा आहे ना." त्या वाक्याची किंमत पुढे कळली.

आधी माणूस ओळखा

सर्व्हेअर म्हणजे नुकसान मोजणारा स्वतंत्र परवानाधारक. त्याला परवाना देते आयआरडीएआय, म्हणजे विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था, मुख्यालय हैदराबाद. पण तुमच्या दाव्यावर त्याला नेमते आणि त्याची फी देते ती विमा कंपनी. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४यूएम प्रमाणे ठरावीक रकमेवरच्या दाव्याला असा सर्व्हे लागतोच.

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक, सर्व्हेअर शिफारस करतो, निर्णय कंपनी देते. दोन, नियामकाचे अधिकारी कंपन्यांचा कारभार तपासतात, तुमच्या दुकानातला माल मोजायला ते येत नाहीत. त्यामुळे "सरकारी साहेब येऊन बघतील" या भरवशावर राहू नका.

पहिला प्रश्न: माल होता किती?

आमच्याकडे आलेले सर्व्हेअर वयस्कर होते, बोलायला शांत. त्यांनी भिजलेल्या मालाआधी वह्या मागितल्या. त्यांची पद्धत अशी:

सुरुवातीचा स्टॉक + खरेदी – विकलेल्या मालाची खरेदी किंमत = त्या दिवशीचा स्टॉक

आमचे आकडे (सोपे करून लिहितोय): १ एप्रिलचा स्टॉक १८ लाख. त्यानंतर खरेदी १० लाख. विक्री १० लाख, त्यात आमचं मार्जिन २० टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत ८ लाख. १८ + १० – ८ = २० लाख.

हे सगळं खरेदी किमतीवर चालतं. एमआरपी लावून "माझा माल पंचवीस लाखांचा होता" म्हणाल तर ते टिकणार नाही. न झालेल्या विक्रीचा नफा ही पॉलिसी देत नाही.

दुसरा प्रश्न: गेलं किती?

आमचा हिशोब साडेनऊ लाखांचा होता. त्यातून दीड लाख वजा झाले. जळालेल्या मोटारींच्या तांब्याला भंगारात भाव होता, ते ५० हजार गेले. उरलेले १ लाख मात्र माझ्या चुकीचे. दुकान लवकर साफ व्हावं म्हणून मी सर्व्हे व्हायच्या आधीच दोन टेम्पो माल फेकून दिला होता, एकही फोटो न काढता. त्यात पीव्हीसी पाइप होते, नळ होते. सर्व्हेअर म्हणाले, "हे धुऊन विकता आलं असतं. मी न बघता पूर्ण नुकसान कसं लिहू?" मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मान्य नुकसान उरलं ८ लाख.

तिसरा प्रश्न: विमा कितीचा?

इथे खरा फटका बसला. पॉलिसी होती १२ लाखांची. का? कारण आमचं सीसी लोन १२ लाखांचं होतं आणि बँकेने तेवढ्याच रकमेचा विमा उतरवला होता. लॉकडाऊनमध्ये माल अंगावर पडून स्टॉक २० लाखांवर गेला, पण कागदावरचा आकडा कोणी हलवला नाही.

बाबा म्हणाले, "साहेब, नुकसान आठ लाख आणि विमा बारा लाख. मग आठ मिळायला काय हरकत आहे?"

"शेठ, तुम्ही वीसपैकी बाराचाच विमा घेतलाय. उरलेल्या आठांचा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवलात. प्रत्येक भिजलेल्या वस्तूत तुमचाही वाटा आहे."

गणित असं: ८ लाख × १२ ÷ २० = ४ लाख ८० हजार. वर पॉलिसीत लिहिलेली ठरलेली कपात वेगळी.

याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तिच्यात पूर धरलेला आहे, आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर माफी आहे. म्हणजे आमचा विमा १७ लाखांचा असता तर पूर्ण ८ लाख धरले गेले असते. आम्ही ४० टक्क्यांनी कमी होतो. बाबांनी हप्ता वाचवला नव्हता हो. स्टॉक किती आहे हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि घरातला बीबीए झालेला मुलगा मी, मीही नाही.

दाव्याच्या वेळी हे करा

- कंपनीला लगेच कळवा, लेखी.
- हात लावण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. पाण्याची रेघ भिंतीवर दिसली पाहिजे.
- चांगला, धुऊन चालेल असा आणि पूर्ण गेलेला, असे मालाचे तीन ढीग करा. काही फेकणं भागच असेल तर आधी कंपनीला ईमेल करा.
- बिलं आणि अकाउंटिंगचा बॅकअप दुकानाबाहेर ठेवा. आमच्या काही फायली पाण्यातच गेल्या, जीएसटी रिटर्नमुळे वाचलो.
- वाया गेलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं. विमा रक्कम ठरवतानाच सीएशी हे बोला.
- सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि आकडे तपासा.

पटलं नाही तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे कार्यालयं आहेत. पण विमाच कमी घेतला असेल, तर लोकपालही गणित बदलू शकत नाही.

गृहपाठ

आज शटर ओढण्याआधी तीन आकडे लिहा: आजचा स्टॉक खरेदी किमतीत, वर्षातला सर्वांत मोठा स्टॉक (दिवाळीआधीचा धरा) आणि पॉलिसीवरची विमा रक्कम. तिसरा आकडा दुसऱ्याच्या ८५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर उद्या सकाळी पहिला फोन विमा एजंटला.

आमच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. रंग देताना बाबांनी तेवढी जागा मुद्दाम सोडायला लावली. दर मे महिन्यात पॉलिसी रिन्यू करताना ते मला तिथेच उभं करतात आणि विचारतात, "स्टॉक किती?"