नकाराच्या पत्राला उत्तर देताना

आईचा फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूपर्यंत पोहोचला, तेव्हा एमआरआयमध्ये दोन गाठी दिसल्या. डॉक्टरांनी स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी सुचवली. म्हणजे सगळ्या मेंदूला रेडिएशनचा शेक न देता नेमक्या त्या दोन जागांवर मोठी मात्रा द्यायची. गरम पाण्यात मऊ केलेला जाळीदार प्लास्टिकचा पत्रा तिच्या चेहऱ्यावर ताणून मुखवटा केला. गार झाल्यावर त्यावर तिचं नाक, तिची हनुवटी जशीच्या तशी उमटली. त्याच संध्याकाळी कळलं, विम्याचं कॅशलेस नामंजूर. पुढच्या सात महिन्यांत जे शिकले ते असं.

१. तोंडी नकारावर थांबू नका. विम्याच्या खिडकीवर एवढंच सांगितलं, "रिजेक्ट झालंय, पैसे भरा." मी लेखी पत्र मागितलं. त्यात अपवाद क्रमांक १६ होता : ‘परिणाम सिद्ध न झालेला उपचार’. कारण कागदावर आलं की उत्तर कशाला द्यायचं ते कळतं.

२. उपचार अडवून धरू नका. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही एफडी मोडली, ठरल्या तारखेला रेडिएशन घेतलं आणि मग बिलं घालून प्रतिपूर्तीचा क्लेम केला. प्लॅनिंगचा सीटी आणि मुखवटा यांच्या पावत्या वेगळ्या मागून घ्या. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढा आणि पोच घ्या.

३. नियामकाचा कागद जोडा. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्येच आधुनिक उपचारांची यादी दिली आणि हे उपचार पॉलिसीतून वगळायचे नाहीत असं विमा कंपन्यांना बजावलं. स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी त्या यादीत आहे. यादीचं ते पान मी जोडलं आणि अपवाद १६ गळून पडला.

४. पण त्याच नियमात एक अट आहे, वैद्यकीय गरज असेल तर. कंपनीने लगेच ती धरली. "संपूर्ण मेंदूचं रेडिएशन हा प्रचलित उपचार आहे, तेवढाच खर्च ग्राह्य." इथे डॉक्टरांच्या पत्रावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडचं पहिलं पत्र एका ओळीचं होतं. मग मी कंपनीचं एकेक वाक्य टाइप केलं, प्रत्येकाखाली मोकळी जागा सोडली आणि ओपीडी संपायच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दहा मिनिटांत लिहून दिलं : गाठी किती, केवढ्या, आणि संपूर्ण मेंदूला शेक दिल्यास स्मरणशक्ती का धोक्यात येते. आईला सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ आहेत. मी डायरी ठेवत नाही, तिलाच विचारते. "प्रचलित उपचार" या दोन शब्दांत काय पणाला लागलं होतं, ते कंपनीचं पत्र लिहिणाऱ्याला माहीत नसावं. मला मात्र ते वाचून रात्रभर झोप लागली नाही.

५. "२४ तास भरती नव्हती" हेही कारण येतं. पॉलिसीतलं डे-केअरचं कलम दाखवा.

६. विमा लोकपालाकडे जायला घाबरू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लिहावं लागतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत लोकपालाकडे अर्ज करता येतो. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. सुनावणीत मी भाषण केलं नाही. तारखेवार लावलेली फाइल आणि डॉक्टरांचं पत्र पुढे ठेवलं. निकाल आमच्या बाजूने लागला.

७. तरीही सगळे पैसे मिळाले नाहीत. आमच्या पॉलिसीत आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या निम्मी मर्यादा होती. ती शेवटच्या पानांवरच्या तक्त्यात होती आणि मी कधी वाचली नव्हती. नूतनीकरणाआधी तो तक्ता नक्की वाचा.

आईचा एमआरआय आता दर तीन महिन्यांनी असतो. परवाच्या रिपोर्टची प्रतही मी त्याच फाइलला लावली आहे.