लेक माहेरी आलीय, केस पुण्यात का?

प्रश्न : माझी लेक दोन मुलांना घेऊन परवा रात्री माहेरी आली. अंगावर माराचे वळ आहेत. सासर पुणे जिल्ह्यात. जावई म्हणतो, "केस करायची तर पुण्यात कर, मुलं मी नेणारच." थोरला तिसरीत आहे, शाळा दाखला देत नाही. धाकटी चार वर्षांची. कोरडवाहू शेतीवर वकिलाची फी कशी भागवू?
– एक वडील, पाथर्डी तालुका

उत्तर : काका, लेकीला आजच सरकारी दवाखान्यात न्या. वळ चार दिवसांत फिके पडतात, डॉक्टरांची नोंद मात्र पुढे कोर्टात उभी राहते.

पुण्याला जाण्याची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो. म्हणजे पाथर्डीच्या न्यायालयात. त्याच एका अर्जात संरक्षण, लेकीची आणि मुलांची पोटगी आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागा. निकालाची वाट न पाहता कलम २३ खाली अंतरिम आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ताब्याचा आदेश सर्वात आधी घ्या, असं मी आग्रहाने सांगते. कोर्टाचा कागद हातात नसेल तर वडील मुलांना घेऊन जाताना पोलीस बहुतेक वेळा "घरगुती मामला" म्हणून बाजूला होतात. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असं १९५६ चा हिंदू पालकत्व कायदा सांगतो. धाकटीसाठी तो आधार आहे.

थोरल्याला उद्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखला तातडीने देणं जुन्या शाळेवर बंधनकारक आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पोरगा रात्री दचकून उठत असेल तर समुपदेशन लागेल. नगरची 'स्नेहालय' संस्था १९८९ पासून अशा बायका-मुलांसोबत काम करते. आणि पाहुण्यांपुढे त्याला ती रात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

फीची चिंता सोडा. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. पाथर्डी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. जावई दारात आला तर ११२ लावा.