मनाचें दुखणें आणि रुग्णालय

ठाणें, येरवडा, रत्नागिरी हीं नांवें मुलांच्या तोंडीं थट्टेनें येतात, हें आम्हांस फार सलतें. तेथें मनोरुग्णालयें आहेत खरीं. परंतु मनाचा उपचार म्हणजे कोंडून ठेवणें नव्हे. पुष्कळांस बाह्यरुग्ण विभागच पुरतो. डॉक्टरांशीं मोकळेपणीं बोलावें, औषध घेऊन घरीं परतावें, नेमल्या दिवशीं पुनः जावें. बरें वाटूं लागतांच औषध आपण होऊन सोडूं नये, एवढें पथ्य मात्र कडक.

आंतररुग्ण म्हणून राहण्याची वेळ दुखणें विकोपास गेल्यास येते. प्रौढ मनुष्य स्वेच्छेनें दाखल होऊं शकतो. अठरा वर्षांखालील मुलांविषयीं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अधिक सावध आहे: पालकांचा अर्ज हवा, दोघां जाणकारांनीं मुलास स्वतंत्रपणें तपासलें पाहिजे, आणि घरीं राहून होणारा उपचार निष्फळ किंवा गैरलागू ठरलेला असला पाहिजे. मुलांची जागा प्रौढांहून निराळी. आणि पालकानें किंवा त्यानें नेमलेल्या माणसानें सर्व काळ मुलाजवळ राहावयाचें. हें शेवटचें कलम वाचून आमचा जीव भांड्यांत पडला.

एका विद्यार्थ्यानें वह्या देणें सोडलें. डबाहि तसाच परत जाऊं लागला. आम्हीं त्यास आळशी ठरवून बांकावर उभें केलें. तो रात्र रात्र जागतो, हें त्याच्या आईनें लोकलज्जेस्तव महिनाभर सांगितलें नव्हतें, आणि आम्हींहि विचारलें नव्हतें. १४४१६ या 'टेलि-मानस'च्या विनामूल्य क्रमांकावर तिनें प्रथम विचारणा केली. आतां तो ठरल्या दिवशीं रुग्णालयांत जाऊन दुसऱ्या तासास वर्गांत येतो, आणि उशिराचें कारण त्यास कोणी विचारीत नाहीं.