गल्लीभराची आधारकार्डं तुझ्या मोबाइलमध्ये

चि. रेणुका,


लाडक्या बहिणीची ई-केवायसी असो की अतिवृष्टीचं अनुदान, गल्लीतल्या बाया आता तुझ्याकडेच येतात, असं वैनी फोनवर सांगत होत्या. अभिमान वाटला आणि काळजीही लागली. किती जणींच्या आधारकार्डांचे, पासबुकांचे फोटो तुझ्या मोबाइलमध्ये पडून असतील!

आपल्याच जिल्ह्यात, हदगाव तालुक्यातल्या मनाठ्याला, २०२४ साली काय घडलं ते ऐकलंच असशील. दुसऱ्याच कामाचे पैसे मिळतील असं सांगून सेवा केंद्रचालकानं लोकांची कागदपत्रं घेतली, चक्क पुरुषांच्या खात्यांत लाडक्या बहिणीचे हप्ते जमा झाले आणि ते त्यानं काढून घेतले, अशी तक्रार झाली. कागद देणारी माणसं काही अडाणी नव्हती गं, पैशाची वाट बघत होती. फसवणारा नेमकं अशांनाच गाठतो. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झाली आणि पाठोपाठ त्याच नावाच्या खोट्या वेबसाइटही निघाल्या. म्हणून ज्या पैशाकडे घर डोळे लावून बसलंय, त्याच पैशाचा मेसेज आला की सगळ्यात जास्त संशय घे.

मेसेजमधल्या किंवा ईमेलमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नकोस. मग तो शिष्यवृत्तीचा असो, नोकरीचा असो की बँकेचा. पत्ता स्वतः टाइप कर. बहुतेक सरकारी साइटच्या नावाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’नं होतो. खोट्या पत्त्यात हे शब्द मधेच कुठेतरी घुसवलेले असतात, म्हणून शेवट बघायचा. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नकोस, ते खोट्या साइटलाही मिळतं. पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सअपवर एपीके फाइल आली तर ती उघडायचीच नाही. असलं अ‍ॅप मोबाइलमधले ओटीपी परस्पर वाचू शकतं.

तुझ्या ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच लाव. ईमेल दुसऱ्याच्या हाती गेला की बाकीचे पासवर्ड बदलायला त्याला वेळ लागत नाही.

फॉर्म भरून झाला की फोटो डिलीट कर, रिसायकल बिनमधूनसुद्धा. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर काम आणि तारीख आडवी लिहीत जा. अंगठ्यावर पैसे काढणाऱ्या आईचं, काकूचं बायोमेट्रिक एरवी लॉक ठेव आणि गरजेपुरतंच उघड. आपल्या नावावर कुणी सिम घेतलंय का, ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं.

एवढं करूनही एखादीकडून ओटीपी गेलाच, तर तिला बोल लावू नकोस. घाबरून ती चार दिवस लपवेल आणि तेच महागात पडेल. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जाणारा पैसा बँकेच्या माथी असतो, त्याआधीचा आपल्या. म्हणून तिच्यासमोरच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव, मग पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जा.

तुझी,
आत्या