जवारी

पाठपरिचय : सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर सतार व तंबोरा या वाद्यांसाठी भारतभर प्रसिद्ध आहे. येथील शिकलगार घराणी पूर्वी तलवारी व भाले यांना धार लावण्याचे काम करीत. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम कमी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या कारागिराने मिरजेत तंतुवाद्ये बनवण्यास आरंभ केला. मिरज संस्थानच्या पटवर्धन राजांनी या कलेला आश्रय दिला. पुढे या कारागिरांना लोक 'सतारमेकर' म्हणू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. प्रस्तुत पाठात एका विद्यार्थ्याने वाद्यांच्या छोट्या दुकानात घालवलेल्या सुट्टीची हकिकत आली आहे.

नववीची परीक्षा संपली. कार्यानुभवाच्या सरांनी आम्हांला सांगितले, "सुट्टीत प्रत्येकाने एक महिना एखाद्या कारागिराकडे काम करायचे. रोज काय केले ते वहीत लिहायचे."

माझ्या मित्रांपैकी कोणी सायकलच्या दुकानात गेला, कोणी छापखान्यात. मला सतारमेकर गल्लीतले वाद्यांचे एक लहान दुकान मिळाले. दुकानाच्या मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणत असे. मीही त्यांना चाचा म्हणू लागलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या बाजूला टाळ, चिपळ्या, तबले आणि एक जुनी बाजाची पेटी. भिंतीवर खुंटीला टांगलेल्या सतारी. मागच्या बाजूला चाचांची बसण्याची जागा आणि वर माळ्यावर वाळलेले मोठमोठे भोपळे.

पहिले आठ दिवस मी केर काढला, तारांची वेटोळी जाडीप्रमाणे वेगळी केली, वाद्यांवरची धूळ पुसली. मला वाटले होते, पहिल्याच दिवशी सतार वाजवायला मिळेल. मी हिरमुसलो. चाचांच्या ते लक्षात आले. ते म्हणाले, "बेटा, आधी माल ओळख. हा भोपळा कुठला ते सांग बरे."

"बाजारातला," मी म्हणालो.

चाचा हसले. "हा भाजीचा भोपळा नाही. हा कडू असतो. पंढरपूर, मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी याची शेती होते. वेलावर पुरता पिकला की शेतकरी तो काढून वाळवतो. आम्ही तो पाण्यात भिजवून कापतो, आतला गर व बिया काढतो आणि आकार बिघडू नये म्हणून आत काड्या लावून पुन्हा वाळवतो. मग त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडतो. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवतो. घाई केली तर भोपळा तडकतो."

त्या दिवसापासून माझे लक्ष कामात लागले.

एके दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी गाणे शिकत होती. गृहस्थांनी भिंतीजवळचा सर्वांत मोठा तंबोरा दाखवून विचारले, "याची किंमत काय?"

चाचांनी किंमत सांगितली नाही. ते मुलीला म्हणाले, "बेटी, तुझा षड्ज लाव." मुलीने लाजत लाजत सूर लावला. चाचांनी तो डोळे मिटून ऐकला आणि आतला एक लहान तंबोरा काढून दिला.

"अहो, हा तर लहान आहे!" गृहस्थ म्हणाले.

"साहेब, मोठा तंबोरा पुरुषांच्या खालच्या सुरासाठी असतो. मुलीचा सूर उंच आहे. मोठ्याच्या तारा तेवढ्या ताणल्या तर तुटतील, आणि ढिल्या ठेवल्या तर तिचा गळा खाली ओढला जाईल."

ते गेल्यावर मी म्हणालो, "चाचा, मोठा विकला असता तर जास्त पैसे मिळाले असते."

"मिळाले असते," चाचा म्हणाले, "पण सहा महिन्यांनी तो कोपऱ्यात पडला असता. न वाजणारे वाद्य विकले, तर कारागिराची कमाई कसली?"

तिसऱ्या आठवड्यात गावातील एक वृद्ध गायनशिक्षक आपला जुना तंबोरा घेऊन आले. त्यांनी गवसणी काढली. तंबोरा काळाभोर, पण फार देखणा होता. ते म्हणाले, "उस्ताद, आवाज थोडा दबला आहे. उद्या सकाळी माझ्या शिष्याचे गाणे आहे. संध्याकाळपर्यंत होईल का?"

"ठेवून जा, गुरुजी. होईल," चाचा म्हणाले.

तंबोऱ्याला चार तारा असतात. त्या तबलीवरच्या घोडीवरून जातात. घोडीवर हाडाची रुंद पट्टी असते. तिचा माथा किंचित गोलाईचा घासलेला असतो. तार छेडली की ती या माथ्याला हलके हलके स्पर्श करीत थरथरते. त्यामुळे एका सुरातून अनेक सूर निघाल्यासारखा भरीव, गुंजणारा आवाज येतो. यालाच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून तो आवाज अधिक खुलवतात. पट्टीवर तारांचे चरे पडले की आवाज दबतो. मग कानशीने पट्टी पुन्हा घासावी लागते.

चाचांनी तारा सैल केल्या, घोडी काढून ठेवली आणि ते दुपारच्या नमाजाला गेले. घोडी माझ्यासमोर होती. चाचांना असे घासताना मी कितीतरी वेळा पाहिले होते. मनात आले, ते येईपर्यंत आपण चरे काढून ठेवावेत. चाचा खूश होतील.

मी कानस उचलली आणि घासू लागलो. चरे गेले. पट्टी गुळगुळीत दिसू लागली. मी घोडी जागेवर ठेवली, एक तार ताणली आणि छेडली. माझ्या अंगाला घाम फुटला. तंबोऱ्यातून नुसता 'टण्' असा कोरडा आवाज आला आणि लगेच विरला. मी घाबरून आणखी घासले. आवाज आणखीच बिघडला. मी घोडी काढून होती तशी ठेवली आणि समोरचा भुसा पुसून टाकला.

चाचा परत आले. त्यांनी घोडी हातात घेतली, तिच्या माथ्यावरून अंगठा फिरवला आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी मान खाली घातली. माझ्या बोटांना भुसा चिकटलेला होता. अखेर मला राहवले नाही.

"चाचा, मी घासली. चुकलो."

चाचा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "काम बिघडले, ते दुरुस्त होईल. भुसा का पुसलास? मला न कळता ही घोडी लागली असती, तर उद्या त्या मुलाचे गाणे बिघडले असते. त्याला वाटले असते, आपलाच गळा वाईट."

मला रडू आले.

संध्याकाळी गुरुजी आले. आता चाचा माझे नाव सांगणार, असे मला वाटले. पण ते म्हणाले, "गुरुजी, माफ करा. माझ्या दुकानात चूक झाली. घोडी जास्त घासली गेली. नवी पट्टी बसवतो. पहाटे तंबोरा तुमच्या घरी पोहोचवतो. याचे पैसे घेणार नाही."

गुरुजींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना सारे समजले असावे. ते एवढेच म्हणाले, "बरे. पहाटे वाट पाहतो."

अब्बांची परवानगी घेऊन मी त्या रात्री दुकानातच थांबलो. चाचा नवी पट्टी दोन-तीन वेळा घासत, तार चढवत, ऐकत, पुन्हा तार उतरवत. किती वेळा ते मी मोजले नाही. मी दिवा धरून बसलो होतो. "घासलेले परत भरता येत नाही," ते म्हणाले, "म्हणून कानस हातात घेण्यापूर्वी कान तयार पाहिजे." रात्री उशिरा चारही तारा एकमेकींत मिसळल्या आणि ती लहानशी खोली सुराने भरून गेली.

पहाटे आम्ही तंबोरा पोहोचवला. परतताना चाचा मला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन गेले. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांची कबर येथेच आहे. १९३७ मध्ये ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ येथे उरुसात गायन-वादन होते. चाचा म्हणाले, "उरुसात इथे येऊन बस. नुसते ऐक. आमचे अर्धे काम कानाचेच असते."

महिन्याचा शेवटचा दिवस आला. चाचांनी माझ्यापुढे एक नवी घोडी व कानस ठेवली. "आज तू घास."

माझा हात थरथरला. मी दोनदा कानस फिरवली, तार चढवली, ऐकले. पुन्हा दोनदा फिरवली. दुपार झाली. आवाज थोडा खुलला होता. मी विचारले, "चाचा, आणखी घासू का?"

चाचा म्हणाले, "मला कशाला विचारतोस? तुला काय ऐकू येते?"

मी पुन्हा तार छेडली आणि ऐकत राहिलो. मग कानस खाली ठेवली.

शब्दार्थ
आश्रय – आधार, मदत
भौगोलिक मानांकन – विशिष्ट गावाची किंवा प्रदेशाची वस्तू म्हणून मिळालेली सरकारी मान्यता
हिरमुसणे – नाराज होणे
तूण – वाद्यांसाठी वापरले जाणारे एक लाकूड
तबली – भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ लाकडी फळी
षड्ज – 'सा' हा स्वर
गवसणी – वाद्यावर घालायची कापडी खोळ
चरा – घासल्याने पडलेली बारीक खाच
कानस – घासण्याचे लोखंडी हत्यार

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) शिकलगार घराणी पूर्वी कोणते काम करीत?
(आ) तंबोऱ्यासाठी लागणाऱ्या भोपळ्याची शेती कोठे होते?
(इ) तंबोऱ्याला किती तारा असतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) चाचांनी मुलीला लहान तंबोरा दिला.
(आ) चाचांनी गुरुजींकडून पैसे घेतले नाहीत.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जवारी म्हणजे काय? ती बिघडते कशी?
(आ) चाचांना घोडी बिघडल्यापेक्षा भुसा पुसल्याचे वाईट का वाटले असावे?

प्रश्न ४. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
घाम फुटणे, मान खाली घालणे, राहवले नाही

भाषाभ्यास : काही शब्द मराठीत व उर्दूत सारखेच आहेत, पण त्यांचे लिंग वेगळे आहे. उर्दूत 'दुकान' व 'आवाज' स्त्रीलिंगी आहेत. मराठीत 'ते दुकान' नपुंसकलिंगी व 'तो आवाज' पुल्लिंगी आहे. उर्दूत 'तार' पुल्लिंगी, तर मराठीत 'ती तार' स्त्रीलिंगी आहे. 'किंमत' मात्र दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहे.
कंसातील योग्य शब्द निवडा : (१) आवाज (खुलला / खुलली). (२) तार (तुटला / तुटली). (३) दुकान (उघडली / उघडले).

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या हत्यारांची मराठी नावे विचारून वहीत लिहा.